बल किती, ऊर्जा किती: रुईच्या गाठीचा हिशेब

हंगामात अकोल्याच्या एखाद्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये गेलात, तर सरकी काढून दाबलेल्या रुईच्या गाठी रचलेल्या दिसतील. एक गाठ साधारण १७० किलोची. बल आणि ऊर्जा यांची सरमिसळ शाळेत सुरू होते आणि पुष्कळांची मोठेपणीही सुटत नाही. ती सोडवायला ही एक गाठ पुरे.

पृथ्वी गाठीला खाली ओढते. ते ओढणं म्हणजे बल: १७० गुणिले ९.८, म्हणजे सुमारे १,६६६ न्यूटन. बलाला दिशा असते, आणि ते नेहमी दोघांमधलं असतं. गाठ जमिनीला दाबते, जमीन गाठीला तेवढंच वर रेटते. एकट्या गाठीजवळ बल साठवलेलं नसतं. ती गोदामात सहा महिने पडून राहिली तरी जमीन सहा महिने रेटतच असते, आणि त्यात जमिनीचं काहीही खर्च होत नाही.

खर्च सुरू होतो तो गाठ हलली की. दीड मीटर उंच ट्रकवर ती सरळ उचलायची, तर १,६६६ न्यूटन बल दीड मीटरभर लावावं लागेल. दोन्हींचा गुणाकार सुमारे २,५०० ज्यूल. ही ऊर्जा. हमालांच्या अंगातून ती निघाली आणि उंचीच्या रूपाने गाठीकडे जमा झाली.

आता साडेचार मीटरची फळी तिरपी लावा. घर्षण बाजूला ठेवलं, तर गाठ वर सरकवायला ५५५ न्यूटन, म्हणजे तिसरा हिस्सा बल पुरतं. पण अंतर तिप्पट झालं. गुणाकार पुन्हा २,५०० ज्यूलच. फळी, कप्पी, पहार, जॅक या सगळ्यांनी बल कमी करता येतं, ऊर्जेत मात्र एका ज्यूलचीही सूट मिळत नाही. दोघांमधला खरा फरक मला इथेच दिसतो.

मग पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेऊन नुसता उभा असलेला हमाल दमतो, ते का? पोतं हललं नाही, म्हणून पोत्याला मिळालेली ऊर्जा शून्य. पण स्नायू जमिनीसारखा निवांत राहू शकत नाही. त्यातले तंतू सतत आखडतात, सैल होतात, पुन्हा आखडतात. त्यासाठी अन्नातली ऊर्जा जळते आणि तिची उष्णता होते. हमालाचा घाम खराच आहे. ऊर्जा त्याच्या शरीरात खर्च झाली, पोत्यापर्यंत पोचली नाही एवढंच.

उलटा प्रवासही पाहू. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. तिथल्या मल्लखांबाचं नाव सर्वदूर आहे. पन्नास किलोचा खेळाडू दोन मीटरवरून खाली आला, तर त्याच्याजवळ सुमारे ९८० ज्यूल ऊर्जा असते. जमिनीवर थांबताना ती सगळी संपायलाच हवी, त्यात तडजोड नाही. कडक फरशीवर, गुडघे ताठ ठेवून, तो पाच सेंटिमीटरात थांबला, तर पायांवर सरासरी वीस हजार न्यूटन बल येतं. जाड गादीवर गुडघे वाकवत चाळीस सेंटिमीटरात थांबला, तर ते तीन हजारांच्या आसपास उतरतं. ऊर्जा जवळपास तीच, पण थांबायचं अंतर वाढल्याने बल उतरलं. म्हणून गादीशिवाय मुलांना उड्या मारू देऊ नयेत.

विजेचं बिलही ऊर्जेचंच असतं. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. अकोला जिल्ह्यातल्या पारसच्या औष्णिक केंद्रात २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. दोन्ही पूर्ण क्षमतेने चालले, तर तासाला पाच लाख युनिट वीज तयार होते. दगडकोळशात कोट्यवधी वर्षं पडून असलेली ऊर्जा तिथे तारांवर चढते. विहिरीवरच्या तीन हॉर्सपॉवरच्या मोटारीचं मात्र तासाला सव्वादोन युनिटांहून थोडं जास्तच धरा, कारण थोडी ऊर्जा मोटारीतच उष्णता होऊन जाते.

आता घरचं बिल काढा आणि युनिटांचा आकडा पाहा. त्यातल्या एका युनिटाची सगळी ऊर्जा उचलण्यातच लागली असती, तर रुईच्या १,४४० गाठी ट्रकवर चढल्या असत्या.