सांधे आणि मन (भाग ७) : फोटोत न दिसलेलं दुखणं

आज चर्चमधल्या चालण्याच्या गटांबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यात. मिरजेच्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेववत नाही. ते विचारतात, "दुखतो गुडघा. मग व्यायामाच्या जोडीला मनाचा आधार कशाला? दुखणं मनाचं आहे असंच सुचवताय ना?"

हेच मला अमेरिकेतल्या डरहॅममध्ये आमच्या चालण्याच्या गटातल्या एका कृष्णवर्णीय आजींनी विचारलं होतं. जिना त्या उलट्या उतरायच्या. तोंड पायऱ्यांकडे, दोन्ही हात कठड्यावर, आधी दुखरा पाय खाली. एक्स-रेच्या रिपोर्टवर मात्र 'सौम्य झीज'. फोटो पाहून कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, फार काही नाही, ताण घेऊ नका. तेव्हापासून मनाचा विषय निघाला की त्या गप्प व्हायच्या.

झीज मोजायची ० ते ४ ही श्रेणी केलग्रेन आणि लॉरेन्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५७ साली मांडली. आजही तीच चालते. अमेरिकेत एकाच श्रेणीचा गुडघा असून कृष्णवर्णीय रुग्ण इतरांपेक्षा जास्त दुखतं म्हणतात, आणि त्याचं खापर बरेचदा त्यांच्या मनावर फुटतं. २०२१ साली एमा पिअर्सन, झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी संगणकाला तेच फोटो दिले, पण शिकवलं वेगळं : डॉक्टरांनी दिलेली श्रेणी नको, रुग्णाने सांगितलेली वेदना ओळख. दुखण्यातल्या या तफावतीचा श्रेणीवरून जेमतेम ९ टक्के उलगडा होत होता. संगणकाने ४३ टक्के केला. म्हणजे गुडघ्यात काहीतरी होतं, आणि ते फोटोतही होतं. बघणाऱ्यांच्या मोजपट्टीत ते बसत नव्हतं.

हे मी आजींना सांगितलं. त्या बराच वेळ गुडघ्यावर हात फिरवत बसल्या.

माझ्या मते मनाच्या आधाराची सुरुवात इथून, दुखणं खरं आहे हे मानण्यापासून, व्हायला हवी. पुढचं तंत्र साधं आहे. ड्यूक विद्यापीठातल्या फ्रान्सिस कीफ यांच्या पद्धतीत दुखेपर्यंत चालायचं नसतं. घड्याळ लावून, कळ यायच्या आधीच बसायचं, मग पुन्हा उठायचं. 'आता मी कामातून गेले' हा विचार आला की त्याला उत्तर द्यायलाही शिकवतात. नॉर्थ कॅरोलायनात २४८ कृष्णवर्णीय रुग्णांच्या एका प्रयोगात हे फोनवरून ११ सत्रांत शिकवलं. दुखण्याच्या आकड्यात म्हणावा तसा फरक पडला नाही, हेही सांगायला हवं. वाढला तो दुखणं सांभाळता येईल हा भरवसा. त्या प्रयोगात चालण्याचा व्यायाम नव्हता, आणि मला वाटतं तो हवा होता.

आजी आठ मिनिटं चालायच्या, दोन मिनिटं बाकावर बसायच्या. नवरा गेल्यापासून झोप लागत नाही, हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं ते त्या दोन मिनिटांत. चर्चच्या गटांमध्येही बाकांचाच विषय आहे. पुढच्या वेळी तिथूनच सुरू करू.