जंगलाचे विश्वस्त आणि रस्त्याचा तंटा

अलोऱ्याहून पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाट चढला की पलीकडे कोयनानगर. चिपळूण-कराड वाहतुकीचा हा हमरस्ता, आणि पावसाळ्यात दरड कोसळली की दोन्हीकडची माणसे अडकणार. याच डोंगररांगेत 1985 साली कोयना अभयारण्य झाले. 2010 मध्ये ते आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. इथल्या माणसाला रस्ता हवाच आहे. प्रश्न एवढाच, की तो जंगलातून न्यायचा झाला तर ‘हो’ कोण म्हणणार?

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. व्यास नदीचा प्रवाह एका हॉटेलसाठी वळवल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये सांगितले, की नैसर्गिक संपत्तीचे सरकार हे मालक नव्हे, विश्वस्त आहे. पुढे वन्यजीव कायद्यातील 2002च्या दुरुस्तीने राष्ट्रीय वन्यजीव मंडळ आले आणि ‘हो’ म्हणण्याचा हा प्रश्न त्याच्यापुढे येऊ लागला. पंतप्रधान अध्यक्ष, अधिकाऱ्यांबरोबर स्वयंसेवी संस्थांचे पाच प्रतिनिधी आणि दहा तज्ज्ञ. भांडायला कोणीतरी असावे, म्हणूनच ही पंधरा माणसे.

2014 मध्ये मंडळ नव्याने नेमताना ही संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. त्या ऑगस्टमध्ये मंडळाच्या स्थायी समितीपुढे शंभराहून अधिक प्रस्ताव आले आणि बहुतेक मंजूर झाले. सर्वोच्च न्यायालयाने तिच्या निर्णयांना लगाम घातला.

विश्वस्त भांडले की काय होते, हे पेंच व्याघ्र प्रकल्पात दिसते.

नागपूरहून उत्तरेकडे पेंचच्या जंगलातून जाणारा महामार्ग चौपदरी करताना महामार्ग प्राधिकरण आणि वनखाते यांच्यात वर्षानुवर्षे खडाजंगी चालली. प्रकरण नागपूर खंडपीठापर्यंत गेले. काम लांबले, खर्च वाढला. पण मनसर-खवासा टप्प्यात प्राण्यांना रस्त्याखालून जाता येईल अशी नऊ बांधकामे झाली. त्यांतले सर्वांत लांब 750 मीटरचे. भारतीय वन्यजीव संस्थेने 2019 मध्ये तिथे कॅमेरे लावले, तेव्हा 18 जातींचे वन्यप्राणी त्यांखालून जाताना टिपले गेले. त्यांत वाघही होते.

गोव्यातील मोले येथे उलटे घडले. अभयारण्यातून जाणारा चौपदरी महामार्ग, वीजवाहिनी आणि रेल्वेचे दुपदरीकरण असे तीन प्रकल्प एकदम पुढे आले. विरोध मंडळाच्या बैठकीत निकाली निघाला नाही, रस्त्यावर आला. न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने 2021 मध्ये प्रतिकूल अहवाल दिला आणि 9 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेमार्गाला मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली.

कर्नाटकात बंदीपूर व्याघ्र प्रकल्पातील महामार्गावर वन्यप्राण्यांसाठी 2009 पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद आहे. केरळच्या व्यापाऱ्यांची त्यावर आजही तक्रार आहे, आणि ती खोटी नाही. रस्त्याची किंमत कोणीतरी मोजतोच. ती कोणावर टाकायची हे ठरवण्यासाठीच मंडळ असते.

चिपळूण-कराड रेल्वेमार्गाची चर्चा जुनी आहे, घाट रुंद करण्याची मागणीही आहे. यातले काही मंडळापुढे गेले, तर चिपळूण आणि पाटण तालुक्यांतील लोकप्रतिनिधींनी व ग्रामसभांनी बैठकीचे इतिवृत्त मागवावे. कोणत्या सदस्याने कोणती हरकत घेतली आणि तिला काय उत्तर मिळाले, हे आखणी कागदावर असतानाच तपासावे.