वारेतले रक्त कुणाचे?

तीन किलो वजनाच्या नवजात बाळाच्या अंगात सुमारे २५० मिलिलिटर रक्त असते, म्हणजे जेमतेम पाव लिटर. अशा बाळाचे हृदय उघडून शस्त्रक्रिया करायची, तर हृदय-फुप्फुस यंत्राच्या नळ्या आधी भरून घ्याव्या लागतात. त्यांत मावणारा द्रव कधी कधी बाळाच्या एकूण रक्ताहूनही जास्त असतो. नुसते क्षारद्रावण भरले तर बाळाचे रक्त फार पातळ होते, म्हणून त्यात दात्याचे रक्त मिसळतात.

रक्तपेढीत अशा बाळासाठी पिशवी निवडताना मला अनेक गोष्टी पाहाव्या लागतात. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात उतरलेली असतात. रक्त त्यांच्याशी जुळले पाहिजे. साठवलेल्या तांबड्या पेशींतून पोटॅशियम झिरपते, म्हणून पिशवी ताजी हवी. एवढे करूनही परक्या रक्तातून संसर्गाचा धोका पूर्णपणे शून्य होत नाही.

गंमत अशी, की त्याच बाळाचे स्वतःचे रक्त प्रसूतिगृहात वारेबरोबर टाकून दिले जाते. वारेतले रक्त आईचे, असा पुष्कळांचा समज आहे. वारेत आईचे आणि बाळाचे रक्त शेजारून वाहते; पण नाळेतून येते ते बाळाचेच. पूर्ण दिवसांच्या बाळाची नाळ लगेच कापली, तर ७५ ते १०० मिलिलिटर रक्त मागे राहू शकते. गट तोच, पेशी त्याच.

हे रक्त वापरण्याची कल्पना जुनी आहे. १९३९ मध्ये हालब्रेख्त यांनी ‘लॅन्सेट’मध्ये वारेतल्या रक्ताच्या संक्रमणावर लिहिले होते. पुढे युक्रेनमधील कीव्ह येथील हृदयशल्यविशारदांनी नवजाताचे स्वतःचे नाळरक्त वापरून जन्मानंतर काही तासांतच हृदयशस्त्रक्रिया केल्या आणि २०११ मध्ये ते अनुभव प्रसिद्ध केले.

कृती ऐकायला सोपी आहे. नाळ निर्जंतुक करून तिच्या शिरेत सुई घालायची आणि गोठणरोधक असलेल्या पिशवीत रक्त उतरवून थंड ठेवायचे. अडचणी पुढेच आहेत. रक्त कमी मिळते, गुठळ्या होतात, जंतू शिरू शकतात. शिवाय दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, म्हणजे ज्याला रक्ताची निकड जास्त, अशा बाळाच्या वारेत ते आणखी थोडे असते.

दुसरा पेच याहून मोठा. नाळ कापायची घाई करू नये, निदान एक मिनिट थांबावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढ्यात वारेतले बरेच रक्त आपोआप बाळाकडे जाते. पिशवीत जास्त हवे तर बाळाला कमी, बाळाला जास्त द्यावे तर पिशवी रिकामी. म्हणून हा सरसकट उपाय नव्हे. शस्त्रक्रिया ठरलेलीच आहे, अशा मोजक्या बाळांपुरताच त्याचा विचार करावा, असे मला वाटते.

खासगी बँकांत गोठवून ठेवतात त्या मूलपेशींशी याची गल्लत करू नये. स्वतःच्या भावी वापरासाठी तसे जपून ठेवण्याला शास्त्रीय आधार नाही, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. इथे प्रश्न पहिल्या काही दिवसांचा आहे. त्यासाठी हृदयातला दोष जन्माआधी कळायला हवा. अठरा ते बावीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत तसे अनेक दोष दिसू शकतात. दोष दिसलाच, तर प्रसूती कुठे करायची हे ठरवतानाच नाळेतल्या रक्ताचे काय करायचे, हेही डॉक्टरांना विचारावे. कळा सुरू झाल्यावर त्याला वेळ उरत नाही.