बाणाचे पीस आणि धनुष्याचा टेकू

गेल्या हिवाळ्यात एका तालुका क्रीडासंकुलात कामानिमित्त जाण्याचा योग आला. मैदानाच्या टोकाला दहा-बारा मुले-मुली धनुर्विद्येचा सराव करीत होती. त्यांतील एका मुलीचे बाण कधी वर, तर कधी बाजूला भरकटत होते. शिवाय दर फेरीनंतर बाण गोळा करून आणताना एखाद्या बाणाचे पीस फाटलेले आढळे. कुंपणापाशी बसलेले तिचे वडील शेतकरी होते. ते म्हणाले, "साहेब, धनुष्य झालं, बाण झाले, आता ही पिसंच संपता संपत नाहीत." थोड्या वेळाने प्रशिक्षकांनी तिचा एक बाण घेतला, त्याच्या पिसांवर अंगाला लावण्याची पावडर हलकेच पसरली आणि तो तिला जवळच्या लक्ष्यावर सोडावयास सांगितला. बाण परत आला तेव्हा खालच्या एका पिसाच्या कडेची पावडर पुसली गेली होती, आणि तिचा पांढरा डाग धनुष्यावरील टेकूला लागला होता. दोष मुलीच्या हाताचा नव्हता. पीस आणि टेकू यांचे जमत नव्हते.

ही गोष्ट लहान वाटली तरी आज ती अनेक कुटुंबांच्या खर्चाशी निगडित आहे. २०२३ साली बर्लिन येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कंपाउंड प्रकारातील महिलांचे वैयक्तिक विजेतेपद साताऱ्याच्या अदिती स्वामीने, तर पुरुषांचे नागपूरच्या ओजस देवतळेने मिळविले. त्यापूर्वी २०२१ साली पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये फलटण तालुक्यातील सरडे गावच्या प्रवीण जाधवने भारताचे प्रतिनिधित्व केले होते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकारालाही स्थान मिळाले आहे. साहजिकच गावोगावची मुले धनुष्य हाती घेऊ लागली आहेत. मात्र हा खेळ स्वस्त नाही, आणि त्यातील काही खर्च केवळ माहितीच्या अभावी होतो.

पीस करते काय?

बाणाच्या शेपटाशी असलेली पिसे हवेला अडवितात. त्यामुळे बाणाचा मागचा भाग किंचित मागे ओढला जातो व टोक पुढे, सरळ राहते. पिसे थोडी तिरपी बसविली की बाण स्वतःभोवती फिरू लागतो व अधिक स्थिर होतो. पीस जितके मोठे, तितका बाण लवकर सावरतो. पण तितकाच त्याचा वेगही घटतो आणि वाराही त्याला अधिक ढकलतो. म्हणूनच मोकळ्या मैदानातील लांब पल्ल्यासाठी लहान, बुटकी पिसे वापरतात आणि बंदिस्त सभागृहातील १८ मीटरच्या नेमबाजीसाठी मोठी पिसेही चालतात.

प्रस्तुत लेखक कला शाखेचा. 'कंकपत्र' हा बाणासाठीचा शब्द संस्कृत वाचताना भेटला होता, त्याचा अर्थ मात्र मैदानावर उमगला. कंक म्हणजे बगळ्याच्या जातीचा पक्षी. त्याचे पीस लावलेला तो कंकपत्र. कोणत्या पक्ष्याचे पीस, हा विचार आपल्या पूर्वजांनीही केला होता. आज बाजारात मिळणारी नैसर्गिक पिसे बहुधा टर्की पक्ष्याची असतात आणि त्यांच्या जोडीला प्लास्टिकची पिसे आली आहेत. खेळाडू त्यांना 'वेन्स' म्हणतात.

टेकूप्रमाणे पीस

बाण सुटण्यापूर्वी धनुष्यावर ज्या आधारावर टेकलेला असतो, त्याला खेळाडू 'रेस्ट' म्हणतात. पीस निवडताना पहिला प्रश्न विचारावयाचा तो या रेस्टविषयी. पीस किती टिकाऊ, हा त्यानंतरचा प्रश्न.

बांबूच्या देशी धनुष्यावर बाण मुठीवर किंवा लाकडातील लहानशा खाचेवर टेकतो. येथे पिसांना धनुष्याला घासूनच जावे लागते. नैसर्गिक पीस अशा वेळी दबते, आडवे होते आणि पुढे गेल्यावर पुन्हा उभे राहते. प्लास्टिकचे पीस तसे दबत नाही. ते आपटते आणि बाणाच्या शेपटाला धक्का देते. म्हणून येथे पक्ष्याचे पीसच योग्य होय. त्याच्या देठाचे पुढचे टोक तासून, दोऱ्याने बांधून गुळगुळीत करावे, नाही तर मुठीवरून जाताना ते हात ओरबाडते. या पिसाचा शत्रू पाऊस. भिजले की ते चिकटून बसते व बाण सावरेनासा होतो. आपल्या पावसाळ्यात ही अडचण किरकोळ नाही.

ऑलिंपिकमधील रिकर्व्ह धनुष्याची गोष्ट वेगळी. येथे दोरी बोटांनी सोडली जाते. ती बोटांवरून निसटताना किंचित बाजूला सरकते, त्यामुळे बाण माशासारखा आडवा वळवळत धनुष्याच्या मुठीला जणू वळसा घालून जातो. रेस्ट म्हणजे एक बारीक तार आणि बाजूला 'प्लंजर' ही स्प्रिंगची कळ. बाण नीट जुळविलेला असेल तर पिसे तारेजवळून जाईपर्यंत बाण तिच्यापासून सुटलेला असतो. अशा धनुष्यावर पातळ चकचकीत पडद्याची, पन्हळीसारखी वळलेली पिसे सर्रास वापरतात. ती अतिशय हलकी असतात व बाणाला वेगाने फिरवितात. पण नाजूकही तितकीच. दुसरा बाण लागला की ती चुरगळतात. दुहेरी चिकटपट्टीने बसत असल्यामुळे मैदानावरच ती बदलता येतात, हा त्यांचा गुण. नवशिक्याने मात्र आरंभी साधी, मऊ प्लास्टिकची पिसे वापरावीत, असे माझे मत आहे. गुणांत पडणाऱ्या थोड्या फरकापेक्षा रोजचा सराव अखंड चालणे त्याला अधिक मोलाचे. रिकर्व्हमध्ये तीन पिसांपैकी वेगळ्या रंगाचे पीस मुठीच्या विरुद्ध बाजूस ठेवावे आणि वरून पाहिले असता रेस्टची तार बाणाच्या कांडीबाहेर डोकावू नये. या दोन गोष्टी सांभाळल्या तर पिसांची निम्मी झीज टळते.

कंपाउंड धनुष्याची दोरी बोटांऐवजी यांत्रिक चापाने सोडतात. त्यामुळे बाण आडवा न वळवळता प्रामुख्याने वर-खाली लवतो. रेस्ट बहुधा पोलादी पातीचे असते आणि बाण त्या पातीच्या टोकावर टेकतो. पीस फाटण्याचे प्रकार येथेच अधिक घडतात. रुंद पाते, बारीक बाण आणि उंच पीस असा संयोग झाला की स्पर्श जवळजवळ ठरलेलाच. पाते अखंड असेल तर वेगळ्या रंगाचे पीस वर ठेवावे, म्हणजे खालची दोन पिसे पात्याच्या दोहों बाजूंनी निघून जातात. पाते दुभंगलेले असेल तर तेच पीस खाली ठेवून मधल्या फटीतून जाऊ द्यावे. पिसे बुटकी व थोडी ताठ असावीत. ५० मीटरवरील लक्ष्याच्या १० गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ८ सेंटिमीटर असतो. पात्यापाशी झालेला ओझरता स्पर्शही बाणाला त्याबाहेर नेण्यास पुरेसा असतो.

बाण सुटताच आपोआप खाली पडणारी रेस्टही मिळतात. त्यांच्यावर जवळजवळ कोणतेही पीस चालते, परंतु रेस्ट उशिरा पडले किंवा आपटून पुन्हा वर उसळले तर पीस फाटतेच. बाणाला सर्व बाजूंनी केसाळ कुंचल्यांनी धरणारे एक रेस्ट परदेशात शिकारीसाठी लोकप्रिय आहे. त्यात प्रत्येक पीस दर वेळी घासले जाते. म्हणून तेथे आखूड आणि ताठ प्लास्टिकचेच पीस हवे, पक्ष्याचे पीस लवकर विसकटते.

टिकाऊपणा कोठून येतो?

पीस सुटण्याचे कारण पुष्कळदा पीस नसतेच. चिकटविण्याची घाई असते. कांडीवरील जुना गोंद खरवडून ती स्पिरिटने पुसावी व नंतर त्या जागी बोट लावू नये. बोटाचा तेलकटपणा नव्या गोंदाला धरू देत नाही. पीस बसल्यावर त्याच्या पुढच्या व मागच्या टोकाशी गोंदाचा एकेक थेंब द्यावा. पुढचे टोक उचलले गेले की लक्ष्यातून बाण उपसताना उरलेले पीसही जाते. एका बाणावरील तिन्ही पिसे एकाच पंखाची, म्हणजे डाव्या अथवा उजव्या वळणाची असावीत.

उन्हात उभ्या केलेल्या वाहनात बाण ठेवल्यास प्लास्टिकची पिसे लाटांसारखी वाकतात. ती टाकून देण्याची घाई करू नये. केस वाळविण्याच्या यंत्राची ऊब थोडा वेळ दिली की बरीचशी पुन्हा सरळ होतात. त्याचप्रमाणे जवळच्या अंतरावर सराव करताना सर्व बाण एकाच ठिपक्यावर मारू नयेत. लक्ष्यावर चार-पाच ठिपके लावून दर बाण वेगळ्या ठिपक्यावर सोडला तर एका बाणाने दुसऱ्याची पिसे तोडण्याचा प्रसंग क्वचितच येतो. चांगला नेम हाच पिसांचा वैरी ठरावा, ही या खेळातील एक गंमत म्हटली पाहिजे!

त्या मुलीच्या बाबतीत नवे काहीच विकत घ्यावे लागले नाही. बाणाच्या शेपटाकडील, दोरीवर बसणारी खाच, म्हणजे 'नॉक', प्रशिक्षकांनी चिमटीत धरून किंचित फिरविली. पावडर पुन्हा लावली, बाण पुन्हा सोडला. तीन वेळा असे केल्यावर पावडर जशीच्या तशी राहिली. मग त्यांनी त्या नॉकसमोर कांडीवर शाईची बारीक रेघ ओढली आणि उरलेले अकरा बाण त्याच रेघेप्रमाणे जुळवून घेण्यास तिला सांगितले. वडील एकेक बाण हाती देत होते, आणि ती नॉक फिरवून रेघ ओढीत होती.