‘रक्त कमजोर’ म्हणजे नेमकं काय? उंदरांनी दिलेलं उत्तर

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा या भागाचा लिखित उतारा. अडखळणं तेवढं गाळलंय, बाकी बोललो तसंच.

चिंचणीहून एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला होता. मुलीची शाळेत रक्ततपासणी झाली, त्यात ती सिकलसेलची वाहक निघाली. घरात लगेच कुणीतरी म्हणालं, “हिचं रक्तच कमजोर. लग्नाला अडचण येणार.” ताई विचारतात, “दादा, खरंच कमजोर असतं का हो?”

ताई, उत्तर देतो. पण आधी थोडं उंदरांच्या पिंजऱ्यापाशी जाऊ. कारण कमजोर म्हणजे कुणासमोर कमजोर, हा प्रश्न तिथे सगळ्यात स्वच्छ सुटलाय.

एकाच घरातल्या चौघांना तेच डास चावतात. एक तापाने फणफणतो, दुसऱ्याला काहीच होत नाही. माणसांत याचं कारण शोधणं अवघड, कारण वय वेगळं, खाणं वेगळं, आधीचे आजार वेगळे. प्रयोगशाळेतल्या उंदरांचं तसं नसतं. भावाबहिणींचीच जोडी लावत वीसेक पिढ्या नेल्या, की एका स्ट्रेनचे सगळे उंदीर जनुकांनी जवळपास जुळे होतात. मग दोन स्ट्रेनना सारखंच खाणं आणि मोजून तेवढेच परजीवी दिले, तरी निकाल वेगळा लागला, तर तो फरक जनुकांचा.

लिशमानिया नावाचा परजीवी घ्या. तो वालुमाशीच्या चाव्यातून येतो. त्याची ‘मेजर’ ही जात त्वचेवर व्रण करते. ती काळ्या सी-५७ उंदराला टोचली, तर व्रण येतो आणि काही आठवड्यांत भरतो. पांढऱ्या बाल्ब-सी उंदराचा व्रण मात्र वाढतच जातो, परजीवी शरीरभर पसरतो आणि उंदीर दगावतो. काळ्या उंदराच्या प्रतिकारशक्तीकडून भक्षक पेशींना ‘आत शिरलेल्याला मारा’ असा हुकूम जातो. पांढऱ्याच्या शरीरात भलताच हुकूम सुटतो. हे हुकूम नेमके कसे बदलतात, यावर आपल्या पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातही याच बाल्ब-सी उंदरांवर पुष्कळ काम झालंय.

मग पांढरा उंदीर कमजोर, असंच ना? थांबा. आता त्याला आतड्यातल्या चाबूककृमीची अंडी भरपूर पाजा. इथे तो ‘भलताच’ हुकूम बरोबर कामाला येतो. आतड्यात चिकट स्राव वाढतो, आतलं अस्तर भराभर बदलतं आणि कृमी बाहेर फेकले जातात. एकेआर नावाच्या स्ट्रेनला हे जमत नाही. तिथे कृमी ठाण मांडून बसतात.

आणि काळा उंदीर? लिशमानियाचीच दुसरी जात, काळा आजार करणारी ‘डोनोव्हानी’, समोर आली की सुरुवातीला तोही हरतो. १९७०च्या दशकात डेव्हिड ब्रॅडली यांनी दाखवलं, की या परजीवीसमोर उंदरांच्या स्ट्रेनचे सरळ दोन गट पडतात आणि ते एकाच जनुकामुळे. १९९३मध्ये ते जनुक हाती लागलं. भक्षक पेशी परजीवीला ज्या पिशवीत कोंडते, तिथून लोहासारखे धातू उपसून काढणारा पंप ते बनवतं. पंप चालला की परजीवीची उपासमार. काळ्या आणि पांढऱ्या, दोन्ही उंदरांत हा पंप बिघडलेला आहे. बिघाड केवढा? प्रथिनाच्या साखळीतला एक मणी बदललेला, बस्स.

म्हणजे सगळ्यांसमोर बलवान असा उंदीरच नाही. समोर कोण आहे, त्यावर ठरतं.

आता ताईंच्या मुलीकडे येऊ. सिकलसेलमध्येही हिमोग्लोबिनच्या साखळीतला एकच मणी बदललेला असतो. हे जनुक आपल्या पालघर जिल्ह्यात वारली, कोकणा अशा समाजांत आढळतं, विदर्भात आणि सातपुड्यातही आढळतं. टिकलं कसं? मलेरियामुळे. १९५४मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत दाखवलं, की या जनुकाची एकच प्रत असलेल्यांना फाल्सिपेरम मलेरियापासून संरक्षण मिळतं. पुढच्या अभ्यासांत गंभीर मलेरियाचा धोका वाहकांत जवळपास ९० टक्के कमी दिसला. जंगल, भातखाचरं आणि डास यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांचं हे रक्त. त्याला कमजोर कसं म्हणायचं?

पण नाण्याला दुसरी बाजू आहे, ती लपवणार नाही. आई आणि वडील दोघांकडून एकेक प्रत आली, तर तो आजार. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य दुखतं. आणि अशा रुग्णाला मलेरिया झाला, तर तो फार महागात पडतो. प्रत एक असेल तर वेगळं, दोन असतील तर वेगळं.

म्हणून ताई, तीन गोष्टी करा. एक, शाळेत झाली ती साधी विद्राव्यता चाचणी असेल, तर तिच्यावर थांबू नका. ती फक्त सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते, वाहक की रुग्ण ते सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून घ्या. दोन, वाहक असली तरी मच्छरदाणी सोडू नका. मलेरिया तिलाही होऊ शकतो, ताप आला की रक्त तपासायचंच. तीन, लग्न ठरवताना मुलाचीही तपासणी करा. दोघं वाहक असतील, तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. मुलाचं हिमोग्लोबिन सर्वसाधारण असेल, तर बाळाला हा आजार होत नाही, फार तर ते वाहक होईल.

तेव्हा चौकशी करायची ती जोडीची. एकट्या मुलीवर शिक्का मारायचा नाही. घरात जे कुणी ‘कमजोर’ म्हणालं, त्यांना हा भाग ऐकवा, नाहीतर हा उतारा वाचून दाखवा. भेटू पुढच्या भागात.