वजन आणि विषाणूचा ताप : यंदाच्या वर्षावासात विहारात एक टेप ठेवूया



एकाच घरात दोघांना ताप येतो. एक चार दिवसांत उठून कामाला लागतो, दुसऱ्याला दम लागतो. वय, जुने आजार, न घेतलेली लस ही कारणे आहेतच. पण वजन हेही एक कारण आहे. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत हे जगभर ठळकपणे दिसले. २०२० मध्ये कोरोनाने तेच पुन्हा दाखवले. आपल्या नामपूरशेजारच्या मालेगावाने तो काळ कसा काढला, ते आपण पाहिले आहे.

असे का होते? पोटावरची चरबी श्वासपटलाला वर दाबते, त्यामुळे फुफ्फुसाचा खालचा भाग पुरेसा फुलत नाही. शिवाय ही चरबी शरीरात कायम सौम्य दाह चालू ठेवते. विषाणू आला की तो दाह भडकतो. सोबत मधुमेह, रक्तदाब असेल तर धोका आणखी वाढतो.

किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागा. भारतीयांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त, २५ पासून लठ्ठपणा. १६० सेंटिमीटर उंचीला ६४ किलो म्हणजे २५. कंबर पुरुषांची ९०, स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेले, हाही धोकाच.

मात्र याची दुसरी बाजू आपल्या वस्त्यांनी विसरू नये. कुपोषित शरीरही विषाणूशी नीट लढू शकत नाही. म्हणून उपाशी राहणे हा उपाय नाही. भाकरी, डाळ, उसळ, अंडी, भाजी वाढवावी. वडापाव, शीतपेये कमी करावीत. आणि कुणाच्या शरीराची चेष्टा करू नये.

कोसलचा राजा प्रसेनजित अतिखाण्याने धापा टाकत तथागतांकडे आला होता. तथागतांनी त्याला उपवास सांगितला नाही, भोजनातील मात्रा सांगितली. राजाने आहार हळूहळू कमी केला आणि तो सडपातळ झाला.

वजन एका पावसाळ्यात उतरत नाही. म्हणून जाड व्यक्तीला, मधुमेह्याला ताप आला तर थांबू नका. फ्लूचे औषध पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक उपयोगी पडते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. दम लागला किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला तर तडक सरकारी रुग्णालय गाठा.

तरुण कार्यकर्त्यांनो, पौर्णिमेला वंदनेनंतर दहा मिनिटे काढा. विहारात एक टेप, एक वजनकाटा आणि एक ऑक्सिमीटर ठेवा. सुरुवात आपल्या स्वतःच्या कंबरेपासून करूया.