धक्क्यावरील वीज व नौकेतील वातानुकूलन

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथील उलसूर तलावावर शिडाची होडी हाकणाऱ्यास विजेची गरज भासत नाही. परंतु तोच मनुष्य कोचीजवळ बोळगाट्टी बेटावर २०१० साली सुरू झालेल्या नौकास्थानकात एखाद्या प्रवासी नौकेवर मुक्कामास गेला, तर दमट उकाड्याने त्यास वातानुकूलनाची आठवण होईल.

धक्क्यावरून तारेने नौकेत आणलेली वीज आपल्या देशात घरच्यासारखीच २३० व्होल्ट दाबाची असते. मात्र ती अमर्याद नसते. जोडणी १६ अँपिअरची असल्यास फार तर ३,६८० वॉट मिळतात. वातानुकूलन यंत्रास ५ अँपिअर, पाणी तापविण्याच्या १,५०० वॉटच्या टाकीस साडेसहा व बॅटरी भारित करणाऱ्या उपकरणास ४ धरले, की बेरीज साडेपंधरा होते. त्यात कोणी २,००० वॉटची किटली लावली, तर धक्क्यावरील खटका पडतो. हा त्रास हितकारकच समजावा. गंजलेला प्लग मात्र मर्यादेच्या आतील प्रवाहानेही तापून पेट घेऊ शकतो व तेथे खटका मदतीस येत नाही.

घरातील यंत्र खोलीची उष्णता बाहेरच्या हवेत सोडते; नौकेतील यंत्र ती बहुधा समुद्राच्या पाण्यात सोडते. हे पाणी पंपाने जाळीतून ओढले जाते. कोचीच्या खाडीत पावसाळ्यात जलपर्णी वाहत येते. ती जाळीत अडकली, की पाणी मंदावते, संपीडकातील दाब वाढतो व यंत्र अधिक वीज ओढू लागते. विजेचा दोष शोधणाऱ्याने म्हणूनच प्रथम जाळी पाहावी!

अमेरिकेत बांधलेल्या नौकेची अडचण निराळी. तेथील वीज सेकंदास ६० आवर्तनांची, आपली ५० ची. रोहित्र दाब बदलते, आवर्तने नव्हे. त्यामुळे ६० आवर्तनांसाठी घडविलेली मोटर मंद फिरते व अधिक तापते.

सर्वांत मोठा धोका पाण्यात झिरपणाऱ्या विजेचा. जवळ पोहणाऱ्याचे स्नायू तिच्यामुळे आखडतात व तो बुडतो. यासाठी ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर प्रवाह तोडणारा खटका बसवितात, आणि धक्क्यालगत पोहण्यास मनाई करतात. जोडणी करताना तारेचे टोक प्रथम नौकेत व मग धक्क्यावर बसवावे. काढताना आधी नौकेतील यंत्रे व धक्क्यावरील खटका बंद करून धक्क्याकडील टोक प्रथम काढावे. उलट क्रमाने केल्यास वीज वाहणारे टोक हातातून निसटून पाण्यात पडण्याचा संभव असतो.